तीन नंबरची सात घोंगडी

टेन माइल नावाच्या मोठ्या मेंढवाड्याच्या मालकानं मेंढरं विकायचं ठरवलं ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. रानात काडी उरली नव्हती, आणि विकतची सरकी घालून पाच हजार सहाशे मेंढरं जगवायची तरी किती दिवस? विकायच्या आधी लोकर उतरवून घ्यायची होती. ट्रका पुढच्या मंगळवारी यायच्या होत्या, म्हणजे हातात दिवस आठ. कातरायला माणसं हवी होती सहा, मिळाली चार. पाचव्या जागेवर ठेकेदार तमाती स्वतः उभा राहिला. सहाव्या जागेवर माझी काळजी उभी करतो म्हणाला, आणि कामाला लागला.

तीन नंबरच्या जागेवर डेस होता. वय सत्तावन्न, कमरेचा मणका कधीच कामातून गेलेला, पण हात असा की तीन मिनिटाला एक मेंढरू म्हणजे तीन मिनिटाला एक. ना अडीच, ना साडेतीन. दोन तासांची पाळी संपली की त्याच्या वाड्यात चाळीस मेंढरं उघड्या अंगानं उभी असायची, आणि त्यांच्या अंगावर ओरखडा शोधून सापडायचा नाही. मेंढरावरून उतरलेली अख्खी लोकर अशी एकसंध यायची की टेबलावर पसरली की खरोखर घोंगडं वाटायचं. कातरणीच्या शेडमधली सगळी तिला घोंगडंच म्हणत.

टेबलाशी नरेल असायची, डेसची बायको. एकेक घोंगडं चाचपून त्याची प्रत ठरवायची आणि त्या त्या खणात टाकायचं, हे तिचं काम. अठ्ठावीस वर्षं ती हेच करत आली होती. डोळे बांधून लोकर हातात दिली तरी कोणत्या माणसानं कातरली ते तिला सांगता आलं असतं. ही फुशारकी नाही, लोकांनी पैज लावून पाहिलं होतं आणि हरले होते.

पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत नरेलची धाकटी बहीण लिआन शेडमध्ये आली होती. ती अठ्ठेचाळीस किलोमीटरवरच्या कुंडारी गावच्या छोट्या दवाखान्यातली मुख्य नर्स. येताना तिनं बर्टीला खांद्यावर टाकून आणलं. बर्टी म्हणजे लोकरीच्या पोत्याचा शिवलेला, आत भुसकट आणि लोकर कोंबलेला, अंगात जुना शर्ट घातलेला बाहुला. दोन वर्षं लिआन त्याला कधी शेडमधून, कधी गुत्त्यातून, कधी चर्चच्या पायरीवरून अँब्युलन्समध्ये घालून दवाखान्यात नेत होती. मेंदूत गुठळी अडकून माणूस पडला तर दवाखान्याच्या दारापासून औषधाच्या सुईपर्यंत किती मिनिटं लागतात, ते ती घड्याळ लावून मोजायची. गावात तिची टिंगल व्हायची. लिआनला नवरा मिळाला, पण बिचारा बोलत नाही, असं लोक म्हणायचे. लिआन हसायची आणि पुढच्या आठवड्यात बर्टीला पुन्हा उचलायची.

त्या दिवशी तिनं सगळ्यांना तीन गोष्टी शिकवल्या. तोंड वाकडं होतंय का, दोन्ही हात वर राहतात का, बोलणं जड होतंय का. यातलं एक जरी दिसलं तरी गाडीत घालून सुटायचं नाही, आधी फोन करायचा, म्हणजे माणूस पोचेपर्यंत दवाखाना तयार होतो. मग तिनं दारावर एक पुठ्ठा ठोकला. त्यावर फोन नंबर होता आणि खाली मोठ्या अक्षरात एक ओळ होती: शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून आणा. जाता जाता तिनं सगळ्यांचं बीपी मोजलं. डेसचा आकडा पाहून तिनं तो पुन्हा मोजला.

"दाजी, हे काय चांगलं न्हाई."

"मेहुणीबाई, तू हात धरल्यावर कुणाचं बी चढंल," डेस म्हणाला, आणि शेड खो खो हसली. नरेलही हसली. पुढं कितीदा तरी तिला ते हसणं आठवलं.

दवाखान्यातून गोळ्या आल्या. संध्याकाळ झाली की डेस एक गोळी तोंडात टाकल्यासारखं करायचा आणि वर पाण्याचा घोट घ्यायचा. गुरुवारी रात्री नरेल गाडीच्या कप्प्यात पाना शोधत होती, तर तिच्या हाताला गोळ्यांची पाकिटं लागली, एकही न फोडलेलं. तिनं ती जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

"गोळ्या खानाऱ्याला कोन जागा देतंय?" डेस म्हणाला. "उद्या तमातीला कळलं की म्हणंल, म्हातारा झाला, घरी बसव."

"आनि उद्या तू बासारका झालास तर?"

बा म्हणजे अल्फ, नरेलचा बाप. तो तिथंच चाकाच्या खुर्चीत बसला होता, गळ्यात फडकं बांधून. एकेकाळी तीन नंबरची जागा त्याचीच होती. सहा वर्षांपूर्वी परसात पडला, आणि तेव्हापासून उजवा हात मेला, पाय ओढला गेला आणि बोलण्यातला एकच शब्द उरला. बटाटा वाढला की 'बरं', आंघोळ घातली की 'बरं', कुणी मेलं तरी 'बरं'. त्यानं गोळ्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. या वेळी मात्र तो काही बोलला नाही. डेस ताट सरकवून उठला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

शुक्रवारी डेस उजाडायच्या आधीच जुन्या गाडीनं पुढं निघून गेला, पाती घासायला म्हणून. नरेलनं बापाला उठवलं, पुसलं, कुशीवर वळवून चादर बदलली, लापशी भरवली. शेजारीण आल्यावर ती निघाली आणि साडेसातच्या घंटेला टेबलाशी उभी राहिली. डेसनं वर पाहिलं नाही, तिनंही पाहिलं नाही.

ऊन सकाळपासूनच तापलं होतं. पत्र्याखाली माणसं वाकलेली, यंत्रांची घरघर, कानात लोकर, नाकात लेंड्यांचा वास. कातरताना कुणी कुणाशी बोलत नाही. बोलायचं म्हटलं तरी ऐकू येत नाही. उजव्या हातात यंत्र, डाव्या हातानं मेंढराचं कातडं ताणून धरायचं, गुडघ्यांनी मेंढरू फिरवायचं, आणि डोकं खाली ते खालीच. साडेनऊला चहाची सुट्टी झाली. सुट्टीत कातरणारे पाठ टेकतात, तोंडावर टोपी घेतात. आडव्या पडलेल्याला उठवायचं नाही, हा शेडचा रिवाज. मणक्याला मिळालेला तेवढाच विसावा असतो, तो कुणी मोडला तर शिव्या खातो. डेसही पडला तसाच. दहाला घंटा झाली आणि सगळ्यांच्या बरोबर उठून त्यानं मेंढरू ओढलं.

बाराला थोडा वेळ होता तेव्हा नरेलच्या हाताला काहीतरी लागलं. टेबलावर आलेलं घोंगडं तीन नंबरचं होतं, पण त्यातून बोटभर लांबीचे तुकडे भुरभुर गळत होते. एकाच जागी दोनदा पातं फिरलं की असे तुकडे पडतात. लोकर लांबीला अर्धी होते, प्रत उतरते. डेसच्या हातून असं नवशिका असतानाही झालं नव्हतं. पुढचंही तसंच आलं, त्याच्या पुढचं त्याहून वाईट.

"तीन नंबर, दुबार कापतूयास," ती टेबलावरून ओरडली.

डेसनं मान वर केली नाही. नरेलला वाटलं, रुसलाय, माझ्यावरचा राग लोकरीवर काढतोय. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती घोंगडी तिनं चांगल्या लोकरीत मिसळू दिली नाहीत, कोपऱ्यातल्या रिकाम्या खणात वेगळी टाकली. काम सुटलं की सगळ्यांच्या देखत दाखवते, असं मनाशी ठरवून एकेक आपटत गेली. बाराची घंटा झाली तेव्हा डेसच्या पायात एक मेंढरू अर्धवट होतं. धरलेलं मेंढरू पुरं करूनच सोडायचं असतं. बाकीचे हात धुवायला गेले, डेस एकटाच सहा मिनिटं त्या मेंढराशी झुंजत राहिला. ते घोंगडंही तिनं त्याच खणात टाकलं.

मग तो भिंतीला धरून सरकला, आडवा झाला आणि टोपी तोंडावर घेतली. नरेल त्याच्याकडे पाठ करून मेंढरं चढवायच्या उतरणीवर बसली आणि थंड मटणाचं सँडविच खाल्लं. ती त्याच्यापासून वीस पावलांवर होती. एक तास ती तिथं बसली आणि एकदाही मागं वळली नाही.

एकची घंटा झाली. चार माणसं उठली, पाचवा उठला नाही. तमातीनं पायाच्या अंगठ्यानं डिवचलं, मग वाकून टोपी उचलली.

"वयनी," तो हळू म्हणाला, "जरा इकडं या."

डेसचे डोळे उघडे होते. डावा गाल ओघळला होता, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ फळीवर उतरली होती. त्याला आपल्याभोवती माणसं का जमली तेच कळत नव्हतं. "लाव मशीन," तो जड जिभेनं म्हणाला, "पाठ धरलीय निस्ती." उठायला गेला आणि डाव्या अंगावर कोसळला.

कुणीतरी म्हणालं, गाडी काढा, टाका मागं, चला. दोघांनी त्याला काखेत धरलंही. नरेलनं मात्र दाराकडं बोट केलं. कुणीतरी चेष्टेनं पुठ्ठ्यावर बर्टीचं मिशाळ तोंड काढून ठेवलं होतं, नंबर मात्र शाबूत होता.

"आदी फोन," ती म्हणाली. "लिआननं सांगितलंय, आदी फोन."

एक वाजून चार मिनिटांनी फोन लागला. पलीकडून सांगितलं, अँब्युलन्स निघतेय, तुम्हीही निघा, कोरड्या ओढ्याच्या पुलाशी भेटा. आणि विचारलं, शेवटचा धडधाकट कधी दिसला? नरेलनं सगळ्यांना विचारलं. तमाती म्हणाला, सकाळी सात-वीसला पाती घासत होता, माझ्याशी बोलला. त्याच्यानंतर? त्याच्यानंतर कुणीच त्याच्याशी बोललं नव्हतं. चहाला टोपी तोंडावर होती. बायको तर अबोला धरून होती. तिनं मेंढरांवर खुणा करायच्या निळ्या खडूनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलं: ७.२०. तो तुकडा तिनं छातीशी धरला आणि गाडीत चढली.

कुंडारीचा दवाखाना म्हणजे बारा खाटा, एक लांब व्हरांडा, आणि मागं नव्यानं आलेलं सी.टी. स्कॅनचं यंत्र. अँब्युलन्स एक बावन्नला दारात लागली. नरेलला वाटलं होतं, आधी खाट, मग कागद, मग वाट बघणं. तिला सहा वर्षांपूर्वीचं ते वाट बघणं पाठ होतं. पण दोन्ही दारं आधीच सताड उघडी धरलेली होती. झाडलोट करणाऱ्या बाईनं व्हरांड्यातल्या खुर्च्या भिंतीला लावून टाकल्या होत्या. स्ट्रेचर कुठंही न थांबता सरळ स्कॅनच्या टेबलाशी गेलं. मेरिसेल नावाची फिलिपिन्सहून आलेली चणीनं लहान नर्स चालता चालताच वजन विचारत होती. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर दुसऱ्या बाजूनं हाताची शीर शोधत होता. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. लिआन भिंतीशी हातात घड्याळ घेऊन उभी होती.

"ताई," ती एवढंच म्हणाली. दाजीला हात लावायला ती पुढं झाली नाही. आपल्या माणसाला आपण सुई द्यायची नाही, हा तिनंच केलेला नियम होता.

स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, उजव्या बाजूला गुठळी होती. भिंतीवरच्या पडद्यावर शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉ. स्टाव्रू दिसत होत्या. पिकलेले केस, चष्मा कपाळावर. त्यांनी डेसला डावा हात उचलायला सांगितला. डेसनं उजवा उचलला.

"ह्यो बगा की, चांगला हाय," तो म्हणाला. "मला काय बी झालं न्हाई. माजी चाळीस ऱ्हायल्यात."

डॉ. स्टाव्रूंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्या म्हणाल्या, गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त सुटायची भीती. मग त्यांनी वेळ विचारली. नरेलनं पुठ्ठ्याचा तुकडा पुढं केला. सात-वीस. हिशेब खोलीतल्या सगळ्यांनाच येत होता. साडेचार तास बाराच्या आतच उलटून गेले होते.

"मध्ये कुणीच पाहिलं नाही?" डॉ. स्टाव्रूंनी विचारलं. "नक्की बरा होता असं सांगणारं कुणीच नाही?"

नरेलनं मान खाली घातली. वीस पावलांवर बसलेल्या बायकोनं काय सांगावं? तिची नजर स्वतःच्या बाहीवर गेली. घामानं भिजलेल्या बाहीला लोकरीचे तुकडे चिकटले होते, बोटभर लांबीचे. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं एक तुकडा चिमटीत धरून पडद्यासमोर नेला.

"मी पायलंय," ती म्हणाली. "त्याला न्हाई, त्याची लोकर पायलीय. डाक्टरीनबाई, डाव्या हातानं कातडं ताणून धरलं न्हाई तर आसं दुबार कापलं जातं. माज्या नवऱ्याच्या हातनं आजवर आसं झालं न्हाई. आज झालं. तवर घोंगडी एकदम साफ येत हुती, डावा हात शाबूत आसल्याबिगार तशी येत न्हाईत. बिगडलेली समदी मी येगळ्या खनात टाकल्यात. फोन लावा, मोजून घ्या."

फोन लावला. पलीकडे तमाती होता. शेडमध्ये यंत्रं बंद होती, कुणी कामाला लागलं नव्हतं. तो खणाकडे गेला, त्याच्या बुटांचे आवाज ऐकू येत होते. परत आला आणि म्हणाला, सात हायेत. आणि वाड्यात? दहाच्या पाळीची सदतीस.

"सदतिसातनं सात गेली," नरेल म्हणाली, "तीस ऱ्हायली. तीन मिनटाला येक, म्हंजे दीड तास. दहाला पाळी चालू झाली. साडेअकरा."

"तीन मिनिटं हे तुम्ही अंदाजानं म्हणताय?" डॉ. स्टाव्रूंनी विचारलं.

फोनवरून तमातीच बोलला. "बाई, ह्या मानसाच्या हातावर आमी घड्याळ लावतो. आन पडताळा पायजे आसंल तर ऐका, सात मेंढरं, पाच-पाच मिनटं, शेवटचं घंटेच्या म्होरं सा मिनटं गेलं. उलटं मोजा. तेबी साडेअकरालाच येतंय."

डॉ. स्टाव्रूंनी मोजलं. त्यांचे ओठ हलत होते. मग त्या नरेलकडे पाहून म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकांना हा प्रश्न विचारतेय. इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं."

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. औषधानं हात परत येईल याची खात्री नाही, शंभरात काहींना रक्तस्राव होतो, त्यात माणूस जाऊही शकतो. हो की नाही ते तिनं सांगायचं होतं. नरेलनं डेसकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, पण फक्त उजवीकडून, जणू डावीकडे जगच नव्हतं. तिला रडू आलं आणि तिनं ते गिळलं नाही. रडत रडतच ती म्हणाली, द्या. मेरिसेलनं सुई टोचली तेव्हा लिआननं घड्याळाची कळ दाबली. दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"सव्वीस," लिआन म्हणाली.

बर्टीचा सगळ्यात चांगला आकडा एकतीस होता.

औषध दिल्यावर दर पंधरा मिनिटांनी तपासायचं असतं. मेरिसेल ते करत बसली. नरेलनं बहिणीला शोधलं, तर ती सामानाच्या खोलीत खाली बसली होती, बर्टीच्या मांडीला टेकून. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बाच्या येळी मीच हुते ड्यूटीवर," लिआन म्हणाली. "तुला कदी सांगितलं न्हाई मी. यंत्र न्हवतं, पडदा न्हवता. चार ठिकानी फोन लावले, परत्येक जन म्हनला धरून ठेवा. तीन तास मी फोन कानाला धरून बाच्याकडं बगत बसले आनि बाचं बोलनं येकेक करून जाताना ऐकलं. शेवटी 'बरं' ऱ्हायलं. त्या साली माज्यासंगची पोरगी नोकरी सोडून गेली. म्हनली, मला एकटीला हे पुन्ना झेपायचं न्हाई. मी म्हनलं, पुन्ना कुनीच एकटं ऱ्हायचं न्हाई हितं."

नरेल तिच्याशेजारी बसली. सोमवारी आपण सगळ्यांबरोबर हसलो, हे ती म्हणाली. लिआननं तिच्या बाहीवरचे तुकडे वेचायला सुरुवात केली. नरेलला आपल्या धाकट्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की तो कुठं ठेवावा ते तिला कळेना.

सव्वातीनला मेरिसेल दारात आली. ती धावत आली होती, आणि धावायचं नाही हा नियम तिच्या लक्षात नव्हता. "चला," ती म्हणाली, "तुम्हीच बघा."

डेसनं डाव्या हाताची बोटं हलवली होती. अंगठा आणि दोन बोटं, चिमटीत काहीतरी ताणून धरल्यासारखी. तो त्या हाताकडं नवल करत बघत होता.

"नरेल," तो म्हणाला. जीभ अजून जड होती. अबोला मात्र त्यानंच मोडला. "घोंगडी खराब झाली का गं?"

"सात," ती म्हणाली. "मंग? अठ्ठावीस वर्षांत सातच."

संध्याकाळी विमान आलं आणि त्याला शहरात घेऊन गेलं. व्हरांड्यातल्या फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात २६ लिहून ठेवलं. त्याखाली एकेकानं आपलं नाव लिहिलं होतं, डॉक्टरनं, मेरिसेलनं, अँब्युलन्सवाल्यांनी, आणि सगळ्यात ठळक अक्षरात झाडलोटवाल्या बाईनं. तिकडे टेन माइलला उरलेल्या चौघांनी रोज एक पाळी जास्त केली आणि मंगळवारी ट्रका भरून दिल्या.

डेस नऊ दिवसांनी घरी आला. चालत आला. डाव्या हातात पहिली पकड काही पुरती परतली नाही. तो हात कप धरतो, बटण लावतो, पण तडफडणाऱ्या मेंढराचं कातडं ताणून धरायचं बळ त्यात नाही. कातरायचं संपलं ते संपलं. त्याला त्याचं वाईट वाटलं आणि तो ते बोलून दाखवायचा. एकदा परसात बसून रडलाही. मग तमाती येऊन म्हणाला, पाती घासायला तुझ्यासारखा माणूस नाही, आणि जागा तुझीच आहे, खोटं बोलून गोळ्या लपवल्यास तर मात्र नाही. आता डेस रोज गोळी खातो, आणि खाल्ल्यावर तोंड उघडून सासऱ्याला दाखवतो. अल्फ नीट वाकून बघतो आणि म्हणतो, बरं.

सप्टेंबरात दुसऱ्या मालकाच्या शेडमध्ये कातरणी लागली. यंदा पाऊस बरा झाला होता. नरेलनं बापाला गाडीत घालून आणलं, टेबलापाशी सावलीत खुर्ची लावली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो शेडमध्ये येत होता. लोकरीचा वास नाकात गेल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. लिआनही आली होती, बर्टीला घेऊन. या वेळी बर्टीच्या अंगात डेसचा शर्ट होता आणि त्याला उचलायला दोन जण पुढं झाले.

बाराची घंटा झाली. यंत्रं थांबली. सहा माणसं कमरेला हात लावत आपापल्या जागी आली, टोप्या काढल्या, पण आडवं कुणी झालं नाही. तमाती मध्ये उभा राहिला.

"हात," तो म्हणाला.

घामानं निथळणारे, लोकरीच्या तेलानं चकाकणारे बारा हात वर गेले आणि वर राहिले. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हटलं. कुणी शिवी दिली, कुणी जेवायला काय आणलंस ते विचारलं. हा नियम फेब्रुवारीपासूनचा. कुंडारीच्या आसपासच्या सगळ्या शेडमध्ये तो पसरला होता, आणि त्याला कुणी हसत नव्हतं. टोपी तोंडावर घ्यायची ती त्यानंतर.

नरेलनंही हात वर केले होते. तिनं वळून बघितलं. खुर्चीत अल्फनं आपला डावा हात उचलला होता, एकटाच, थरथरणारा. उजवा मांडीवर पडून होता. त्याच्या उजव्या बाजूला डेस उभा होता. त्यानं खाली वाकून आपल्या डाव्या हातानं, ज्याला कातडं पेलत नव्हतं त्याच हातानं, सासऱ्याचं उजवं मनगट धरलं आणि हळूहळू वर नेलं. हाताला कष्ट पडत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. पण त्यानं तो खाली येऊ दिला नाही.

"बरं," अल्फ म्हणाला.